डिसेंबरअखेरीस विमानाने जाऊन तंबूत मुक्काम : कोलंबिया, ओशियानो की डेथ व्हॅली?

पंखाखालचा

नमस्कार मंडळी. नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातून दोन-तीन विमानांनी निघावे, एखाद्या लहान विमानतळावर उतरून विमानाशेजारीच तंबू ठोकावा आणि रात्र काढून परतावे, असा बेत शिजतो आहे. उन्हाळ्यात हा उद्योग सगळेच करतात. जुलैअखेरीस ऑशकॉशच्या विमान-मेळाव्यात मैदानावर पंखांखाली तंबूंचे गावच वसते. हिवाळ्यात मात्र आपली मंडळी हँगरचे दार लावून घेतात आणि मार्चपर्यंत फक्त दुसऱ्यांच्या चित्रफिती पाहत उडतात.

माझ्या मनात तीन ठिकाणे आहेत. पहिले कोलंबिया: कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याच्या टेकड्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फूट उंचीवर, विमानतळाच्या आवारातच तंबूंची जागा, आणि सोन्याच्या शोधाच्या काळातले जतन केलेले गाव पायी जाण्याच्या अंतरावर. दुसरे ओशियानो: समुद्राला लागून, उंची अवघी १४ फूट, धावपट्टी २३०० फुटांहून थोडी अधिक, आणि जवळच पिस्मो बीचच्या झाडांवर हिवाळ्यात मुक्कामाला येणारी मोनार्क फुलपाखरे. तिसरे डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यातील फर्नेस क्रीक, जेथील धावपट्टी समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली आहे, म्हणजे उतरताना अल्टिमीटर (उंची दाखवणारे यंत्र) शून्याच्या खाली गेलेला पाहण्याची हौस भागते.

विमान सेसना १७२ एस, माणसे दोन, विमानाचा नेहमीचा तळ बे एरियातले पालो आल्टो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत केवळ यंत्रे पाहून उडण्याची पात्रता) आहे. आपली मते कळवावीत.

उणे वीस

जेथे डिसेंबरातल्या दुपारी अर्ध्या बाहीचा सदरा घालून इंधन भरता येते, तेथील वैमानिकांनी थंडीबद्दल सल्ला मागावा, याचे आम्हा मिनेसोटावासीयांना फार कौतुक वाटते. आपल्याकडे तापमान पाच अंशांवर आले की विमानतळावरील उपाहारगृहात हळहळ व्यक्त होते, असे ऐकून आहे.

आमच्याकडची पद्धत सांगतो. बहुतेक लायकॉमिंग इंजिनांसाठी उत्पादकाची सूचना अशी आहे की तापमान सुमारे उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर इंजिन आधी तापवूनच सुरू करावे. काँटिनेंटलची मर्यादा थोडी वर, उणे ७ अंशांच्या आसपास आहे. माझ्या इंजिनाला आदल्या संध्याकाळीच विजेचा हीटर लावलेला असतो, काऊलिंगवर, म्हणजे इंजिनाच्या आवरणावर, जाड गोधडी पांघरलेली असते आणि हवा आत जाण्याची तोंडे बोळे घालून बंद केलेली असतात. विजेची सोय नसलेल्या ठिकाणी मुक्काम करणारे जुने उत्तरेकडील वैमानिक रात्री इंजिनातले तेल डब्यात काढून घेत, तो डबा झोपडीत नेत आणि सकाळी शेगडीवर तापवून पुन्हा ओतत. आमच्या स्की लावलेल्या विमानांची आणखी एक गंमत म्हणजे विमान बर्फावर तसेच सोडले तर स्की रात्रीत चिकटून बसतात, म्हणून उतरल्यावर त्यांच्याखाली फळ्या किंवा झाडाच्या फांद्या सारायच्या असतात. तंबू त्यानंतर.

तात्पर्य एवढेच की आपण कोठेही जा, आम्ही त्याला सहल म्हणू.

आकाशकंदील

उणे वीस, आपला अभिमान मान्य आहे, तरीही उड्डाण-शिक्षिका या नात्याने एक गोष्ट सांगणे भाग आहे. पंखांवर बर्फ धरण्याच्या बाबतीत आपली कडाक्याची थंडी आमच्या गुलाबी थंडीपेक्षा पुष्कळदा सोज्वळ असते. बर्फ धरण्यासाठी ढग किंवा पाऊस असा दिसणारा ओलावा लागतो, आणि गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूपच राहिलेले थेंब लागतात. असे थेंब ० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात, त्यातही शून्याच्या जवळ, भरपूर असतात. आपली उणे २५ अंशांची कोरडी निरभ्र सकाळ अंगाला बोचते पण विमानाला फारसा त्रास देत नाही. आमच्याकडे पॅसिफिकवरून आलेले ओले वादळ सिएराला धडकते तेव्हा गोठण पातळी (जेथे तापमान शून्यावर येते ती उंची) डोंगरांच्या निम्म्या उंचीवर असते आणि वरचे सगळे ढग अशा थेंबांनी भरलेले असतात.

म्हणून पंखाखालचा यांना पहिला मुद्दा: आपले इन्स्ट्रुमेंट रेटिंग या सहलीत डोंगर ओलांडण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी समजा. सिएरावरून जाणाऱ्या हवाई मार्गांच्या किमान उंची इतक्या वर आहेत की हिवाळी ढगांत त्या पाळायच्या म्हणजे बर्फात शिरायचे, आणि सेसना १७२ ला ज्ञात बर्फात उडण्याची मान्यता नाही. कागदावर आपण पात्र असाल, पण आपले विमान पात्र नाही.

दुसरा मुद्दा रात्रीच्या दहिवराचा. निरभ्र, शांत रात्री पंखाचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होतो; त्यामुळे तापमापक दोन-तीन अंश दाखवत असतानाही पंखावर पांढरा थर धरू शकतो. तो पाहून ‘एवढ्याशा थराने काय होणार’ असे म्हणणारा एकजण तरी प्रत्येक सहलीत असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या (एफएए) मार्गदर्शनानुसार खरखरीत सँडपेपरइतका थरसुद्धा लिफ्ट (पंखांची उचल) ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. पूर्वी काही प्रकारच्या उड्डाणांत हा थर घासून गुळगुळीत करून निघण्याची मुभा होती. ती २०१० साली काढून टाकण्यात आली.

शेपटीचाक

आकाशकंदील यांनी सगळ्यांना घाबरवून झाले असेल तर खऱ्या ठिकाणाचे नाव सांगतो: सलाईन व्हॅलीतली चिकन स्ट्रिप. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली आखूड, खडबडीत, मातीची पट्टी, आणि जवळच गरम पाण्याचे झरे. मोटारीने तेथे जायचे म्हणजे दिवसभर हाडे खिळखिळी करून घ्यायची. विमानाने गेलात तर दुपारी झऱ्यात बसून सकाळच्या वाऱ्याबद्दल खोटे बोलता येते. अशा पट्ट्या टिकाव्यात म्हणून रिक्रिएशनल एव्हिएशन फाउंडेशनचे स्वयंसेवक खपतात, त्यामुळे तेथे गेल्यावर दगड उचलण्याचे थोडे काम करावे अशी विनंतीही करून ठेवतो.

हिवाळा हाच त्या खोऱ्याचा मोसम आहे. उन्हाळ्यात तेथे इंजिनही धापा टाकते आणि माणूसही. थंड, दाट हवेत पंख, प्रोपेलर आणि इंजिन तिन्ही खूश असतात, हे तरी आमच्या शिक्षिकाबाई मान्य करतील.

आकाशकंदील

मान्य आहे, आणि अल्टिमीटर त्याच थंड हवेत खोटे बोलतो हेही मान्य करून घ्यावे. हवा प्रमाणित तापमानापेक्षा १० अंशांनी थंड असेल तर, ज्या ठिकाणचा दाब आपण लावला आहे तेथून मोजलेल्या उंचीत साधारण ४ टक्क्यांची चूक धरावी. २० अंशांनी थंड असेल आणि आपण त्या ठिकाणापेक्षा ५००० फूट वर आहोत असे यंत्र सांगत असेल, तर प्रत्यक्षात आपण सुमारे ४०० फूट खाली आहात. मिनेसोटात खाली फक्त सपाट शेत असते; खिंडीतून जाताना ते ४०० फूट आपल्या मालकीचे असावेत.

चिकन स्ट्रिप ही मागे शेपटीचाक असलेल्या, मोठ्या टायरच्या विमानांची आणि अशा पट्ट्यांवर प्रशिक्षकाबरोबर उतरून आलेल्या वैमानिकांची जागा आहे. क्लबच्या सेसना १७२ एसने तेथे जाण्यापूर्वी क्लबचे नियम आणि विम्याचा करार वाचावा. मला वाटते, वाचल्यावर प्रश्नच उरणार नाही. आणि ते आकाश लष्करी सरावाच्या विस्तीर्ण आर-२५०८ संकुलात येते, त्यामुळे सुट्टी नसलेल्या दिवशी खोऱ्यातून लढाऊ विमान आपल्या खालून गेले तर आश्चर्य वाटू देऊ नये.

डेथ व्हॅलीचा अधिक मोठा प्रश्न जाण्याचा आहे. पालो आल्टोहून सरळ रेषा काढली तर अंतर सुमारे २६० नॉटिकल मैल भरते, पण ती रेषा १४,५०५ फुटांच्या माउंट व्हिटनीच्या शेजारून जाते. म्हणून शहाणी माणसे दक्षिणेला वळून टेहाचापी किंवा वॉकर खिंडीतून जातात. पश्चिमेचा जोरदार वारा डोंगरधारेला काटकोनात लागला की पलीकडच्या ओवेन्स खोऱ्यात पर्वतलहरी, म्हणजे हवेच्या प्रचंड लाटा, उठतात आणि त्यांच्याखाली रोटर, म्हणजे हवेचा भोवरा, फिरत असतो. १९५१-५२ च्या हिवाळ्यात त्या खोऱ्यातल्या बिशप येथे मुक्काम ठोकून या लहरींचा अभ्यास झाला, तेव्हा इंजिन नसलेले ग्लायडर ४४,००० फुटांच्या वर गेले होते. जी हवा ग्लायडरला तेवढे वर नेते, तीच हवा बाजूला सरकून आपल्या विमानाला तेवढ्याच उत्साहाने खाली आणते. डोंगरमाथ्याच्या उंचीवर २५ नॉट किंवा अधिक वाऱ्याचा अंदाज असेल तर मी विद्यार्थ्यांना खिंड ओलांडू देत नाही, आणि मसुराकृती ढग दिसत असतील तर त्याहून कमी वाऱ्यातही देत नाही.

नवशिक्या

मी बारामतीला उड्डाण शिकतो आहे, त्यामुळे ही चर्चा परीकथेसारखी वाचतो. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे सर्वांत सुखाचा काळ: सकाळी वारा नाही, झोके नाहीत, फक्त थंडीत जमिनीलगत अडकलेल्या धुरकट थरामुळे सूर्य वर येईपर्यंत दूरचे दिसत नाही. दोन शंका आहेत. आमच्या सेसना १५२ ला कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय) आहे, पण बर्फच नसलेल्या प्रदेशात ती वापरायची सवय एवढी का घोटून घेतात? आणि आपल्याकडे असे विमान घेऊन जाऊन तंबू ठोकणे कधी शक्य होईल का?

आकाशकंदील

पहिली शंका उत्तम आहे. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब पडतो आणि इंधनाची वाफ होते. या दोन्हींमुळे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहूनही अधिक खाली जाऊ शकते. म्हणजे बाहेर २० अंश असताना आत बर्फ धरू शकतो, अट एवढीच की हवेत ओलावा हवा. २१ अंशांच्या खालचे तापमान आणि ८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता असताना धोका सर्वाधिक समजतात, पण त्याहून बऱ्याच उष्ण हवेतही तो टळत नाही. त्यामुळे उणे वीस यांच्या जानेवारीतल्या कोरड्या हवेपेक्षा आपल्या बारामतीच्या जुलैअखेरच्या ढगाळ, ओल्या सकाळी, उतरण्यासाठी थ्रॉटल मागे घेतला असताना, आपले कार्ब्युरेटर अधिक संशयास्पद आहे. पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात पहिली खूण म्हणजे काहीही न हलवता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरू लागतात. कार्ब हीट ओढली की ते आणखी उतरतात, इंजिन क्षणभर खोकते आणि मग वर येते. त्या खोकल्याला घाबरून हीट परत ढकलायची नसते. पंखाखालचा यांच्या १७२ एसला फ्युएल इंजेक्शन आहे, कार्ब्युरेटरच नाही, त्यामुळे या परीक्षेतून त्यांना सूट.

शेपटीचाक

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण दर वर्षी पुण्याला आलो की मलाही तीच हुरहूर लागते. भारतात खासगी वैमानिकालाही उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे क्रमांक घ्यावे लागतात, आणि सूर्यास्तानंतर डोळ्यांनी पाहून उडण्याची परवानगी सामान्यतः नसते. ‘वाटले म्हणून उतरलो’ हा प्रकार त्यात बसत नाही. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले तेव्हा ते मैदान पुष्कळ मोकळे होते. आता तेथे तंबू लावायचा विचार आपण बोलूनही दाखवू नये. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राच्या मैदानाकडे पाहून मात्र माझे मन अजूनही तंबूची जागा हेरते.

उजवी सीट

पंखाखालचा यांच्या विमानातली उजवी सीट माझी असते, तेव्हा मलाही मत आहे असे गृहीत धरते. आतापर्यंत सर्वांनी बर्फ, लहरी आणि लढाऊ विमाने यांची चर्चा केली. माझा अनुभव असा आहे की सहली आकाशात फसत नाहीत, त्या रविवारी दुपारी फसतात. सोमवारी नऊ वाजता कोणाची तरी बैठक असते, विमान दुसऱ्या कोणीतरी सकाळसाठी राखून ठेवलेले असते, आणि मग जो माणूस शनिवारी ढगांचा तळ ३००० फूट असताना नाक मुरडत होता तोच रविवारी १५०० फुटांकडे बघून ‘तसे जाता येईल’ म्हणू लागतो.

तंबूत राहायला जाण्याचा खरा फायदा मला येथे दिसतो. हॉटेलची खोली सकाळी अकराला सोडावी लागते. तंबू कोणी सोडायला सांगत नाही. झोपण्याच्या पिशव्या, शेगडी आणि दोन दिवसांचे जादा अन्न विमानातच असेल तर ‘आज नाही निघत’ हे वाक्य उच्चारायला काहीच खर्च येत नाही. म्हणून माझी अट अशी: एका रात्रीची सहल असली तरी सामान तीन रात्रींचे, आणि सोमवारची रजा आधीच टाकलेली. विमानही सोमवारपर्यंत राखलेले.

आकाशकंदील

उजवी सीट, हे वाक्य मी माझ्या वर्गात वापरणार आहे.

आता कोलंबियाचे. त्याचा शत्रू सिएरा आणि किनाऱ्याकडचे डोंगर यांच्यामधल्या सेंट्रल व्हॅलीतले टूली धुके आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असते, वर उच्च दाब बसतो, रात्र निरभ्र आणि वारा मंद असतो. सकाळी सॅक्रामेंटोपासून बेकर्सफील्डपर्यंत सगळे खोरे धुक्याने भरते आणि चारी बाजूंच्या डोंगरांमुळे ते कधी कधी कित्येक दिवस हलत नाही. कोलंबिया मात्र बहुधा त्या धुक्याच्या वर असते. आपण सकाळी उन्हात चहा घेत असाल, आकाश निळे असेल, आणि बे एरियाही कदाचित उघडा असेल. दोन्हींच्या मध्ये मात्र पन्नासेक मैल रुंद पांढरी चादर असेल.

पंखाखालचा

मग अडचण काय? धुक्याचा माथा हजार-दीड हजार फुटांवर असतो. मी ४५०० किंवा ६५०० फुटांवरून ऊन खात जाईन. वर मोकळे, दोन्ही टोकांना मोकळे, कायद्याने पूर्ण परवानगी, आणि शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहेच. अंतर सारे नव्वद नॉटिकल मैल.

शेपटीचाक

अडचण एकच आहे आणि ती आपल्या नाकासमोर फिरत असते. पंखा थांबला तर?

माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, म्हणून माझे मत भित्र्याचे समजले तरी चालेल. पण रेटिंगमुळे वैमानिकाला ढगातून जाता येते, इंजिन बंद पडलेल्या विमानाला शेत सापडत नाही. एरवी ते खोरे म्हणजे आणीबाणीत उतरण्यासाठी देवाने दिलेली जागा आहे: सपाट, विस्तीर्ण, जागोजागी धावपट्ट्या. धुके असताना दृश्यता जमिनीलगत पाव मैलाच्या खाली गेलेली असते आणि शेवटच्या काही सेकंदांत समोर बदामाची बाग आहे की विजेची तार, हे कळणारच नसते.

पंखाखालचा

हे फार झाले. याच न्यायाने एका इंजिनाने रात्री कोणी उडूच नये, आणि समुद्र ओलांडून कॅटालिना बेटावरही जाऊ नये. धोका शून्य करायचा असेल तर आपण सर्वांनी पत्ते खेळावेत.

शेपटीचाक

पत्त्यांतही आपण फारसे सावध नसता, असे मागच्या उन्हाळ्यात दिसून आले. मुद्दा शून्याचा नाही. कॅटालिनाला आपण पुरेशी उंची घेऊन जातो, म्हणजे पाण्यावरचा निरुपाय काळ काही मिनिटांचा उरतो. धुक्यावरही तसाच हिशेब मांडा: ८५०० फुटांवरून गेलात तर १७२ दीड मैलाला साधारण हजार फूट उंची गमावते, म्हणजे दहा-बारा मैलांच्या आत एखादा उघडा काठ असावा. खोऱ्याच्या मधोमध तो काठ कोणत्याच बाजूला नसतो. त्यापेक्षा दुपारपर्यंत थांबा. पातळ धुके असेल तर एक वाजता त्याला भोके पडतात, आणि जाड असेल तर उजवी सीट यांनी तीन रात्रींचे सामान घेतलेलेच आहे.

उणे वीस

कॅलिफोर्नियाकर आपापसांत भांडू लागले की आम्हाला शेकोटीची ऊब मिळते. दोघांच्या समेटासाठी शेगडीचा विषय काढतो, कारण सपाट प्रदेशातील मंडळी बाजारातली स्वस्त ब्युटेनची नळकांडी घेऊन जातात आणि सकाळी चहाविना राहतात. ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळते. त्याखाली ते नळकांड्यात द्रवरूपच पडून राहते आणि ज्योत मरते. आयसोब्युटेनचा उकळबिंदू उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेनचा उणे ४२, त्यामुळे या दोघांचे मिश्रण असलेले नळकांडे घ्यावे. आपल्या पाच अंशांच्या हिमयुगात तेवढे पुरे. आमच्याकडे द्रव इंधनाची शेगडी लागते.

मात्र कोणतीही शेगडी तंबूच्या आत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हाच वायू विमानातही येऊ शकतो, कारण आपल्या लहान विमानांत केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून घेतलेली असते. आतल्या नळीला तडा गेला की ऊब आणि विष एकत्र येतात. वर्षभर हीटर न ओढणाऱ्या बे एरियाच्या विमानांत तो तडा डिसेंबरातच उघडकीला येतो. रंग बदलणारी चकती स्वस्त असते, पण तिच्याकडे पाहायची आठवण राहत नाही. आवाज करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्यावे आणि रात्री तेच तंबूत टांगावे.

नवशिक्या

एक भाबडा प्रश्न. सकाळी पंखावर दहिवर असेल तर शेगडीवरचे गरम पाणी ओतून चालेल का?

उणे वीस

चालेल, पण विमान चालणार नाही. पाणी ओघळून एलेरॉनच्या आणि एलेव्हेटरच्या (पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्यांच्या) बिजागरांत शिरते आणि तेथे पुन्हा गोठते. मग पंख स्वच्छ आणि कंट्रोल घट्ट. सर्वांत चांगला उपाय म्हणजे रात्री पंखांवर कापडी आच्छादन. ते नसेल तर संध्याकाळी विमान अशा दिशेने बांधावे की सकाळचे ऊन दोन्ही पंखांवर आणि शेपटीवर आडवे पडेल, आणि मग घाई न करता नाश्ता करावा. दहिवर वितळल्यावर उरलेले पाणी फडक्याने पुसावे. पुढच्या काचेला कार्डाने खरवडू नये, ती काच नसून ॲक्रिलिक असते.

पंखाखालचा

ठीक आहे, वजनाचा हिशेब मांडतो. आमच्या विमानाची कमाल उड्डाणमर्यादा २५५० पौंड आणि उपयुक्त भार सुमारे ८६० पौंड. टाक्या भरल्या तर ५३ गॅलन उपयोगी इंधनाचे ३१८ पौंड जातात आणि ५४२ उरतात. थंडीच्या कपड्यांसह आम्ही दोघे ३७० पौंड. उरले १७२, पण सामानाच्या कप्प्याची मर्यादा १२० पौंड आहे, त्यामुळे पाण्याचे कॅन मागच्या सीटवर पट्ट्याने बांधावे लागतील. जळाऊ लाकूड न्यायचे नाही. वजनासाठी तर नाहीच, पण लाकडातून झाडांचे किडे-रोग पसरतात म्हणून ते जेथे जाळायचे तेथेच विकत घ्यावे, अशी कॅलिफोर्नियात विनंती केलेली असते.

शेपटीचाक यांच्या भोकांच्या सिद्धान्ताचा विचार केला. मूळ पसंती कोलंबियालाच ठेवतो, पण खोऱ्यात आठवडाभर उच्च दाब बसलेला दिसला तर ओशियानो. तेथील धुके मुख्यतः उन्हाळ्याचे असते. डिसेंबरात दोन वादळांच्या मधले दिवस तेथे जूनपेक्षा स्वच्छ मिळतात. किनाऱ्यालगत १६० नॉटिकल मैल, आणि मधला खोऱ्याचा प्रश्नच नाही. डेथ व्हॅली फेब्रुवारीत, प्रशिक्षकासह.

आकाशकंदील

निवड पटली. ओशियानोला स्वतःचे दोर घेऊन जा, संध्याकाळी समुद्राचा वारा उठतो; आणि परतल्यावर विमान गोड्या पाण्याने धुवा. कोलंबियाला गेलात तर तेथील गवताची धावपट्टी पावसानंतर मऊ असते, ती उघडी आहे की नाही हे नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचनांत) पाहिल्याशिवाय मोहात पडू नका. सूर्यास्त पाचच्या सुमारास आहे. गेल्या ९० दिवसांत रात्रीची, पूर्ण थांबून केलेली तीन लँडिंग झालेली नसतील तर सूर्यास्तानंतर तासाभराच्या पुढे प्रवासी घेऊन उडता येणार नाही, आणि उजवी सीट या नियमानुसार प्रवासी आहेत.

उणे वीस

आणखी एक जुनी गोष्ट सांगून रजा घेतो. अलास्कात लहान विमानांनी जगण्याचे कोणते सामान सोबत ठेवावे हे वर्षानुवर्षे कायद्यातच लिहिलेले होते: उन्हाळ्यात अन्न, कुऱ्हाड, मासे धरण्याची साधने आणि डासांची जाळी, १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात त्यात बर्फावर चालण्याची पादत्राणे, झोपण्याची पिशवी आणि लोकरीची कांबळी यांची भर. उजवी सीट यांची यादी त्या कायद्याच्या बरीच जवळ जाते, आणि विमान जेथे ठरवले तेथेच उतरते असे नाही, हे त्या यादीला ठाऊक दिसते. पिशव्या मागे तळाशी न ठेवता हात पोहोचेल अशा ठेवा.

शेपटीचाक

मी लिव्हरमोरहून निघून दोघांना कोलंबियाला गाठतो. निर्णय आदल्या संध्याकाळी आठ वाजता फोनवर, आणि तिघांपैकी एकानेही नको म्हटले तर कारण न विचारता नको. पंखाखालचा, आपल्या हिशेबात खाण्याचे वजन कोठे दिसले नाही.

उजवी सीट

भाजणी, लोणी आणि तवा मिळून नऊ पौंड होतात आणि ते वगळले जाणार नाहीत. वजन कमी करायचे असल्यास यांनी तिसरा कॅमेरा घरी ठेवावा.